तिसऱ्या घंटेला झोपणारं लेकरू

बल्लारपूर, २६ नोव्हेंबर २००१

मयुरी,

तुझं पत्र मिळालं. एवढ्याशा पत्रात तीनदा 'गळा बसला' लिहिलंयस. म्हणजे गळा खरंच बसलाय आणि बोलता येत नाही म्हणून कागदावर तोंडसुख घेतेयस. शाळेतही तुझं हेच होतं. बाईंनी गप्प बसवलं की वहीच्या मागच्या पानावर माझ्याशी भांडायचीस.

बाळंत होऊन सव्वा महिना होतो न होतो तोच तू नाटक कंपनीत हजर झालीस, हे मला आवडलेलं नाही. दिवाळी सरली की तुमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, होळीपर्यंत कोणाला दम घ्यायला फुरसत नसते, तू गेली नसतीस तर तुझी भूमिका दुसरीने उचलली असती, हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून आवडलंच पाहिजे असं नाही. लेकीला सासूजवळ ठेवून गेलीस, तेवढं एक शहाणपण केलंस. त्या जिवाला काखेत मारून आज या गावची मंडईची जत्रा, उद्या त्या गावचा बैलांचा शंकरपट अशी दवात हिंडली असतीस, तर मी तुझ्याशी बोलणं सोडलं असतं. हे गमतीत लिहीत नाहीये. वरचं दूध मानवतंय ना तिला?

आता माझं रडगाणं ऐक. मला सातवा लागलाय आणि नाक असं चोंदलंय की झोपले तर गुदमरते, बसले तर पाठ दुखते. सासऱ्यांचं औषधांचं दुकान, बैठक ओलांडली की समोर फळीवर सर्दीखोकल्याच्या औषधांची रांग, आणि मला मिळतं काय? वाफ! काल मागच्या दाराने हळूच हात घालून एक गोळी उचलली, तर अब्बा गल्ल्यावरून मागे न बघता म्हणाले, "नाहीद, ठेव ते. पोटात कोन आहे ते भुलली काय?" त्यांना पाठीमागचं कसं दिसतं कोण जाणे.

अब्बांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, दुकानातल्या बाबूभाईंचा, हा नियमच आहे. कोणतीही बाई सर्दीची गोळी मागायला आली की पहिला सवाल, "पोटाशी आहे काय?" हो म्हटलं की गोळी परत फळीवर आणि बाई डॉक्टरकडे. केस पिकलेल्या बायकांनाही विचारतात. त्या तोंडाला पदर लावून हसतात, पण राग कोणी धरत नाही. त्यासाठी बल्लारपुरात त्यांचं नाव आहे.

तुझं बरं आहे बाई. तू सुटलीस. लेकरू बाहेर आलं, आता काय हवं ते घे, तुला कोण विचारतंय! तुमचा लाईटवाला बिरजू बल्ब न्यायला इकडे आलाय, त्याच्याबरोबर खोकल्याच्या शिरपच्या दोन बाटल्या पाठवतेय. अब्बांनी विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, मयुरीसाठी.

"तिची डिलिवरी झाली ना?"

"झाली."

"मंग घेऊन जा. खोकल्यावर तेच चांगलं आहे."

तेव्हा घे आणि गा. माझ्या वाटणीची बाटलीही तूच पी.

नाहीद

*

सिंदेवाहीच्या अलीकडे, ९ डिसेंबर २००१

प्रिय नाहीद,

गळा सुटला!

तुला काय सांगू. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत आमचा मंच उभा राहतो. वरून दव, खालून बसायला अंथरलेल्या तणसाची धूळ, आणि मी गाणं सुरू केलं की दुसऱ्याच ओळीला खोकला. पंधरा दिवसांपूर्वी एका गावात लोक हसले. करुण प्रसंगात हसले गं! मालक देवाजीभाऊ विंगेतून बघत होते. दुसऱ्याच दिवशी नागपूरची एक पोरगी माझी गाणी पाठ करताना दिसली.

मग बिरजू आला. त्या दिवशी प्रवेशाआधी तुझ्या बाटलीतून एक घोट घेतला आणि अंगभर असं गरम, शांत वाटलं. खोकला कुठल्या कुठे गेला. त्या गाण्याला वन्समोर मिळाला. आता ती बाटली रंगाच्या पेटीशेजारी असते आणि तिचं नाव पडलंय 'गळ्याची बाटली'. प्रवेशाला जाताना मंचाला हात लावायचा, कपाळाला टेकवायचा आणि एक घोट घ्यायचा. सगळ्यांचाच रिवाज झालाय. देवाजीभाऊंनी वडशाहून खोकंच मागवलं. माझे प्रवेश सगळ्यांत जास्त, म्हणून घोटही माझेच जास्त. विनोदी कामं करणारा लच्छू म्हणतो, "मयुरीबाई, तुमी गाऊन नाई, पिऊन राह्यल्या."

नवरोबा प्रवीण गावीच आहे, धानाच्या चुरण्या-मळणीत अडकलाय. लेक मजेत. फार गुणी आहे गं, रडत नाही की कुरकुरत नाही. तू उगाच काळजी करू नकोस, वाफ घे.

तुझी,
मयुरी

*

बल्लारपूर, १९ डिसेंबर २००१

मयुरी,

परवा ईद झाली. शीरखुर्मा खाताना तुझी आठवण आली. दर ईदेला दोन वाट्या संपवून तिसरीसाठी आत डोकवायचीस. यंदा मला त्याची चवही कळली नाही, नाक अजून बंदच. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई कनीज, रोज हळदीचं दूध घेऊन उभ्या. मी खोकले की नवरा ताबिश, अब्बा, सगळं घर जागं होतं आणि मला सोडून माझ्या पोटाकडे बघतं.

ते राहू दे. मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य टोचतंय. लेक रडत नाही, कुरकुरत नाही, हे तुला कसं कळलं? सासूबाईंना लिहिता येत नाही. आणि प्रवीण? लग्न ठरल्यावर त्याने तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यात मजकुरापेक्षा समास मोठा होता. तो तुला लेकीची खबर कळवतोय होय?

खरं काय ते लिही. ओरडणार नाही.

नाहीद

*

कुरखेड्याच्या वाटेवर, २९ डिसेंबर २००१

प्रिय नाहीद,

'ओरडणार नाही' लिहिलेलं तुझं पत्र मी जपून ठेवलंय. नंतर फिरू नकोस.

ती माझ्याजवळ आहे. पहिल्या दिवसापासून.

ठेवून जायला निघाले होते, देवाशपथ. सासूबाईंच्या मांडीवर दिली आणि बस येते तिथपर्यंत गेले. पण तिची पाजायची वेळ झाली आणि माझं पोलकं ओलं झालं. तिथेच उभी राहून रडले. बस आली, गेली. परत फिरले, तिला उचललं आणि पुढच्या बसने कंपनी गाठली. तुला कोणत्या तोंडाने लिहिणार होते? तू बोलणं सोडलं असतंस.

पण आता बघायला ये तिला. आधी फार रडायची. मी मंचावर आणि विंगेत हिचा टाहो. देवाजीभाऊ वैतागले, म्हणाले, "मयुरी, हे असं चालणार नाई. लेकरू पाह्य नाई त नाटक पाह्य." मी रोज घाबरून असायचे. आणि मग तिलाच जणू आईचं दुःख कळलं. तुझ्या बाटल्या आल्या त्याच आठवड्यात ती शांत झाली. माझा गळा सुटला, तिचं रडणं सुटलं! पहिल्या घंटेला मी तिला पाजते, दुसऱ्या घंटेला तिचे डोळे जड होतात, तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो तेव्हा ती गाढ झोपलेली. मध्ये दोन प्रवेशांमध्ये पाजते, परत झोपते. पहाटे नाटक संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही. म्हणून सगळे तिला 'घंटी' म्हणतात. बारसं हंगाम संपल्यावर करू, तोवर हेच नाव. 'लेकरू किंवा नाटक' म्हणणारे देवाजीभाऊ आता पडदा उघडण्याआधी तिच्या पायाला हात लावतात. ती झोपली की नाटक रंगतं, असं त्यांच्या मनाने घेतलंय.

आता तर दिवसाही झोपते. पाजायला उठवावं लागतं. दोन घोट ओढले की पुन्हा डोळे मिटते. अंगाने जराशी सुकलीय, पण रोजच्या प्रवासाने मोठी माणसंही सुकतात. म्हाताऱ्या आईच्या भूमिका करणाऱ्या वच्छलाबाई माझा प्रवेश असला की तिला मांडीवर घेऊन बसतात. त्यांनी गालाला काजळाचा टिक्का लावलाय. इतकं शहाणं लेकरू, नजर लागायला वेळ लागत नाही.

बोल माझ्याशी. नाहीतर शिव्या दे, पण लिही.

मयुरी

*

चंद्रपूर, ३ जानेवारी २००२

मयुरी,

हे पत्र ताबिशच्या हातून येतंय. त्याला बस म्हणू नकोस, पाणी विचारू नकोस. वाचायच्याही आधी घंटीला उठवून बघ.

उठवलंस? आता वाच. ते शिरप बंद. एक थेंबही नको.

आज तपासणीला चंद्रपूरला आले. खोकत खोकत डॉक्टरबाईंना म्हटलं, "थोडेच दिवस राहिले, बाळंत झाले की आधी खोकल्याची बाटली तोंडाला लावणार." मला वाटलं हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कोणती बाटली? मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यात कोडीन आहे, ते अफूच्याच घरातलं. पोटाशी असताना मनाने घ्यायचं नाही, आणि अंगावर पाजत असताना तर मुळीच नाही. आईच्या दुधातून ते लेकराला जातं. लेकरू गुंगतं, ओढायचं विसरतं, आणि कधी कधी श्वास घ्यायचंही विसरतं.

मी वेड्यासारखी म्हणाले, "पण लेकरू तर बाहेर आलेलं असतं ना?"

"बाहेर आलं म्हणून तुमच्यापासून तुटलं काय?" असं त्या म्हणाल्या. माझ्या कानात अजून तेच घुमतंय.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. तिथल्या बाकावर बसून पुन्हा वाचलं. 'तुझ्या बाटल्या आल्या त्याच आठवड्यात ती शांत झाली.' मयुरी, मी तशीच परत आत गेले. पत्र डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी एकदाच वाचलं आणि म्हणाल्या, ही बाई कुठे आहे, तिला आजच्या आज कळवा.

लगेच वडशाला तुमच्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. मुनीमजी म्हणाले, कंपनी कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावांत गेली, तिथी फोन नाई. मी म्हटलं, निरोप द्या, मयुरीला सांगा शिरप घेऊ नको. ते हसले. "अवो बाई, त्या शिरपावरच त कंपनी चालून राह्यली!" मी फोन आपटला. ताबिश सोबत होता, त्याने पेपर मिलमधली पाळी सोडली आणि इथूनच गाडी पकडतोय. मी येणार होते, त्याने आणि डॉक्टरबाईंनी दोघांनी मिळून मला बसवलं.

ती उठत नसेल, ओढत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर देवाजीभाऊंची गाडी काढायला लावा आणि दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या, लपवू नका. नाटक गेलं खड्ड्यात.

तू खोटं बोललीस त्याचं नंतर बघू.

नाहीद

*

गडचिरोली, दवाखाना, ७ जानेवारी २००२

नाहीद,

ती आहे. आधी तेवढं वाच. घंटी आहे.

ताबिशभाऊ पोचले तेव्हा दुपार होती. आम्ही दुपारी झोपतो. ते धुळीने माखलेले, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आलेले. मी दारात गेले. त्यांनी नमस्कारही केला नाही. "लेकरू कुठी आहे?" आणि बघ माझं तोंड कसं, मी सवयीने म्हणाले, "गावी आहे, सासूबाईंजवळ." तेवढ्यात आतून वच्छलाबाई म्हणाल्या, "मयुरी, पोरगी सकाळपासून ओढत नाई गे."

मी तिला हलवलं. हाक मारली. वच्छलाबाईंनी पायाच्या तळव्याला टिचक्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे किलकिले झाले आणि मिटले. हात सोडला की खाली पडायचा. मी कान लावला तर श्वास यायचा, मग यायचाच नाही, मग एकदम यायचा. ओठांच्या कडा तुझ्या पत्रात लिहिल्यास तशाच निळसर. पत्र मी नंतर वाचलं, ताबिशभाऊंनीच मोठ्याने सांगितलं सगळं.

देवाजीभाऊ म्हणाले, "थंडीनं असंन, सोंठ चोळा, रातच्याले खेळ आहे." तेव्हा वच्छलाबाई उठल्या. आजवर त्यांना मालकाशी वर मान करून बोलताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "खेळ गेला चुलीत, गाडी काढ देवाजी." सामानाच्या गाडीतून पडदे खाली टाकले आणि आम्ही तिच्यात बसलो. रस्ताभर मी तिच्या तळव्याला चिमटे काढत होते. चिमटा काढला की श्वास घ्यायची. माझी नखं तिच्या पायावर अजून दिसतात.

इथल्या डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि मला विचारलं, किती घ्यायचीस? मला सांगता येईना. घोट कोण मोजतं? त्यांनी तिला नळी लावली, नाकाला ऑक्सिजनचा वारा दिला, माझं दूध काही दिवस बंद केलं. वरचं पाजायला शिकवलं. काल संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली. बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. बाजूच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, लेकरू रडून राह्यलं आणि तू हसून काऊन राह्यली?

माझी आजी सांगायची, रोवणीच्या दिवसांत बाया लेकराला चिमूटभर अफू चाटवून बांधावर निजवायच्या आणि दिवसभर चिखलात वाकायच्या. मी म्हणायचे, कसल्या आया त्या! आणि मी काय केलं? त्यांना निदान माहीत तरी होतं, काय देतोय ते.

पण नाहीद, एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'लेकरू बाहेर आलं, आता काय हवं ते घे.' हे तू लिहिलं होतंस. बाटल्या तू पाठवल्यास. तुझ्या सासऱ्यांना सगळं बल्लारपूर मानतं ना? मग त्यांना कसं सुचलं नाही? मी नाटकवाली, मला काय कळतं. तुमच्या घरात तर औषधांचंच दुकान.

मी कंपनीत परत जाणार नाही. नागपूरची पोरगी माझ्या जागी उभी राहिली, तिला टाळ्याही मिळाल्या म्हणे.

मयुरी

*

बल्लारपूर, १४ जानेवारी २००२

मयुरी,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर भडकले, मग माझ्यावर.

मी लिहिलं होतं, बरोबर आहे. मी पाठवल्या, बरोबर आहे. पण तू मला सांगितलंस की लेक सासूकडे आहे, वरचं दूध पिते. मी कोणासाठी बाटली दिली? न पाजणाऱ्या बाईसाठी! मला खरं कळलं असतं तर निदान अब्बांना विचारलं असतं. इतकं लिहून झालं आणि मग वाटलं, खरंच विचारलं असतं का? तू पाजतेस हे कळलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं, पोट मोकळं झालं, घे. हे मला झोपू देत नाही. बाळाने लाथ मारली की दचकून उठते.

अब्बांना तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मी इतके साल अर्धाच सवाल विचारून राह्यलो होतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कंपनी सोडू नकोस. बाटली सोड. डॉक्टरबाई म्हणाल्या, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर, वाफ घे, गळ्याला आराम दे. ताप आला तर साधी तापाची गोळी चालते, पण तीही विचारून. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही मनाने नकोत, त्यांनी दूध आटतं. बाकी तुझा आवाज आहे तसा आहे. बसला तर बसला.

लिही गं. दोन ओळी लिही.

नाहीद

*

बल्लारपूर, १९ फेब्रुवारी २००२

मयुरी,

महिना उलटला, तुझा कागद नाही. मी बोलणं सोडीन म्हणाले होते, सोडलंस तू.

मला मुलगा झाला. नाव जिशान. दोघं बरे आहोत. तो रडतो! रात्रंदिवस रडतो, मोहल्ला उठवतो. ताबिश कानात कापूस घालून पाळीवर जातो. मी मात्र तो जरा जास्त वेळ झोपला की नाकापाशी बोट धरून बसते. तुझ्या घंटीने मला हे वेड लावलं.

सर्दी अजून आहेच, मिठाच्या पाण्यावर दिवस काढतेय. आणि गंमत ऐक. अब्बांनी सवाल बदलला. आता सर्दीची गोळी मागणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतात, "पोटाशी आहे काय? अंगावर पाजता काय?" पहिल्याला सगळ्या हसायच्या. दुसऱ्याला मात्र घुग्घुसहून आलेल्या एका बाईने चप्पल काढली. "म्हाताऱ्या, लाज नाई वाटत परक्या बाईले असं विचाराले?" अब्बा पळत आत आले, कान लाल. अम्मी हसून हसून पलंगावर पडल्या. मग उठल्या, डोक्यावर ओढणी घेतली आणि गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. तेव्हापासून पहिला सवाल अब्बा विचारतात, दुसरा अम्मी.

पण रात्री अब्बांनी मला हळूच विचारलं, "ते पोरगी... आता रडते ना?" मी म्हटलं, माहीत नाही अब्बा, मयुरी लिहीत नाही.

त्यांच्यासाठी तरी लिही.

नाहीद

*

आरमोरीजवळ, ४ मार्च २००२

प्रिय नाहीद,

जिशानला माझे मुके. तुला काही पाठवत नाही, गेल्या वेळी तू मला जे पाठवलंस त्यानंतर पाठवण्याचीच भीती वाटते. हे गमतीत लिहिलंय. आता गमतीत लिहिता येतंय म्हणून लिहितेय. इतके दिवस राग होता. तुझ्यावर वाटायचा, पण खरं सांगते, माझाच मला होता. तुझ्यावर काढणं सोपं होतं.

गेल्या आठवड्यात देवाजीभाऊ घरी आले. नागपूरच्या पोरीचा गळा बसला होता! मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, येते, पण लेकरू सोबत येईल, आणि रंगाच्या पेटीजवळ ती बाटली दिसली तर मी त्याच पावली परत. ते तयार झाले. कंपनीला आता गुळण्यांचं पाणी मिळतं, वच्छलाबाई चुलीवर पातेलंच ठेवतात. पेटीवाल्याने माझ्यासाठी पट्टी खाली घेतली. आवाज जरा घोगराच आहे. लोक चालवून घेतात.

पण घंटी? ती आता परत अंगावर पिते, चांगली भरलीय, आणि घंटेला झोपत नाही. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, ही टक्क जागी. देवाजीभाऊंनी सवयीने पायाला हात लावला, तिने त्यांचं बोट पकडलं. ते म्हणाले, "आज काई खरं नाई."

नव्या नाटकात मी वांझ बाई आहे. दुसऱ्या अंकात मी गुडघ्यावर बसून म्हणते, देवा, माझ्या घरात लेकराचं रडणं कधी ऐकू येईल? नेमकं तिथे विंगेतून टाहो! लच्छूने तोंडात पदर कोंबला, तो त्या प्रवेशात सासू होता. लोक आधी गप्प, मग बांधीभर हसू. हंगामाच्या सुरुवातीला करुण प्रसंगात हसले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. या वेळी मी पुढचं वाक्यच विसरले. नुसती ऐकत राहिले. पुढे तणसावर बसलेली एक म्हातारी उठून ओरडली, "अवो बाई, नाटक मंग कर! आधी लेकराले पाज!"

देवाजीभाऊंनी स्वतः पडदा ओढला. लच्छू सासूच्या लुगड्यातच पडद्यापुढे जाऊन लोकांना हसवत राहिला. मी मागे रंगलेल्या तोंडाने तिला पाजलं. ती ओढत होती, नाहीद, अशी ओढत होती की मला दुखत होतं.

बाबूभाईंना सांग, रडते. खूप रडते. माईक लांब होता, तरी तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

तुझी,
मयुरी